हस्तमुक्त कुबडी

पायाच्या गुडघ्याखालील भागास इजा झाली असता त्या भागावर शरीराचा भार पडू न देता व हातांचा आधार न घेता चालता यावे, म्हणून वापरावयाच्या तात्पुरत्या साधनास हस्तमुक्त कुबडी म्हणतात. या साधनात रुग्णाचा गुडघा काटकोनात दुमडून एका गादीवर टेकविलेला असतो. नडगी मागील बाजूस आडव्या पट्टीवर विसावते, पाऊल अधांतरी राहते आणि शरीराचा भार गुडघ्याखालून निघणाऱ्या उभ्या दांड्यातून जमिनीवर उतरतो. मांडी पुढेमागे हलविली की दांडा पाऊल टाकल्याप्रमाणे पुढे पडतो. दोन्ही हात मोकळे राहत असल्यामुळे वस्तू उचलणे, दार उघडणे, जिन्याचा कठडा धरणे, ओट्यापाशी उभे राहून स्वयंपाक करणे ही कामे करता येतात. काखेतील कुबड्या वापरणाऱ्यास पाण्याचा पेलाही एका खोलीतून दुसरीत नेता येत नाही. ही अडचण दूर करणे हा या साधनाचा मुख्य हेतू होय. मात्र ते सर्व रुग्णांस व सर्व परिस्थितींत उपयुक्त नसते. त्याची निवड दुखापतीचे स्वरूप, रुग्णाची शारीरिक क्षमता आणि त्याला ज्या घरात, जिन्यांवर व रस्त्यांवर वावरावयाचे आहे त्यांची रचना या तीन गोष्टींवर अवलंबून असते.

इतिहास : चालताना काठीचा आधार घेण्याची पद्धत प्राचीन आहे. ईजिप्तमधील अठराव्या राजवंशाच्या काळातील (इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या सुमारास) एका शिलापट्टावर एक पाय वाळलेला पुरुष उंच काठीच्या आधाराने उभा असलेला दाखविला आहे. हा शिलापट्ट कोपनहेगन येथील संग्रहालयात असून त्यातील विकृती बहुधा बालपक्षाघातामुळे आलेली असावी, असे मानतात. काठीच्या वरच्या टोकास आडवा दांडा बसवून तो काखेत घेण्याची कल्पना त्यातूनच पुढे आली.

हस्तमुक्त कुबडीचा खरा पूर्वज मात्र लाकडी पाय हा आहे. सोळाव्या शतकातील फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद आंब्र्वाझ पारे (१५१०–९०) यांनी गुडघ्याखाली पाय तोडलेल्या गरीब रुग्णांसाठी एका साध्या लाकडी पायाचे वर्णन केले आहे. त्यात रुग्ण दुमडलेला गुडघा लाकडाच्या खोबणीत टेकवीत असे व खालच्या खुंटीवर चालत असे. पाय तोडलेला नसून केवळ जायबंदी झालेला असतानाही हेच तत्त्व वापरता येईल, ही कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडात व्यवहारात आली. ॲल्युमिनियमच्या नळ्या, प्लॅस्टिकची बैठक व मांडीस बांधावयाचे पट्टे यांमुळे हे साधन हलके व मापात कमीजास्त करता येण्याजोगे झाले. एकविसाव्या शतकात ते इतर देशांत व भारतातही मिळू लागले.

भारतात कृत्रिम अवयव व चलनसाधने यांच्या निर्मितीस दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चालना मिळाली. जखमी सैनिकांसाठी पुणे येथे १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. जयपूर येथे प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास तयार केलेल्या ‘जयपूर पाया’ने या क्षेत्रात एक महत्त्वाचा धडा घालून दिला. परदेशी कृत्रिम पाय खुर्चीवर बसणाऱ्या व बूट घालणाऱ्या समाजासाठी घडविलेला होता. जयपूर पाय अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या व चिखलात काम करणाऱ्या माणसासाठी घडविला गेला. साधन ज्या भूमीवर वापरावयाचे, त्या भूमीस ते जुळले पाहिजे, हे तत्त्व तात्पुरत्या साधनांनाही तितकेच लागू आहे.

रचना व कार्य : या कुबडीचे चार मुख्य भाग असतात : (१) गुडघा टेकावयाची गादी व नडगीसाठी मागे गेलेली आडवी पट्टी, (२) मांडीच्या पुढील बाजूने वर जाणारा आधार व त्यास मांडीभोवती बांधावयाचे पट्टे, (३) उंची कमीजास्त करण्यासाठी भोके असलेला उभा दांडा, (४) दांड्याच्या टोकाचे रबरी पाऊल. रुग्णाचा भार नडगीच्या अगदी वरच्या टोकावर, म्हणजे गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली येतो. मांडीचे पट्टे भार पेलत नाहीत. ते दांडा मांडीच्या रेषेत ठेवतात व पाऊल उचलताना साधन पायाबरोबर वर उचलले जाईल हे पाहतात.

नैसर्गिक पावलास टाच, चवडा व बोटे असतात आणि घोट्याच्या सांध्यामुळे ते जमिनीच्या चढउताराशी जुळवून घेते. या साधनात ती सोय नसते. दांडा ताठ असल्यामुळे पाऊल पुढे टाकताना कंबर किंचित वर उचलावी लागते, नाहीतर रबरी टोक जमिनीला अडखळते. उभे राहिल्यावर तोल सावरण्यासाठी शरीराचा गुरुत्वमध्य दोन टेकूंच्या अरुंद पट्टीवर राखावा लागतो. दोन कुबड्या व एक पाय यांनी जमिनीवर तीन बिंदूंचा त्रिकोणी पाया तयार होतो आणि गुरुत्वमध्य त्या त्रिकोणात असेपर्यंत माणूस पडत नाही. हस्तमुक्त कुबडी हा विस्तृत पाया काढून घेते आणि त्याच्या बदल्यात हात मोकळे देते. या साधनाचे सर्व गुण व सर्व धोके या एका देवघेवीतून उद्भवतात.

चालण्यास लागणाऱ्या श्रमांच्या दृष्टीने मात्र ते सोयीचे असते. एक पाय पूर्णपणे उचलून काखेच्या कुबड्यांवर चालताना तेवढेच अंतर तोडण्यास नेहमीच्या सुमारे दुप्पट ऊर्जा खर्च होते, कारण प्रत्येक पावलाला सर्व शरीर हातांवर झुलवावे लागते. हस्तमुक्त कुबडीत मांडी व नितंब यांचे स्नायू जवळजवळ नेहमीप्रमाणे काम करतात. त्यामुळे दमणूक कमी होते व हे स्नायू वापराअभावी रोडावण्याचे प्रमाणही कमी राहते.

भाराविषयीचा निर्बंध : साधन निवडण्यापूर्वी चिकित्सकाने पायावर किती भार देण्यास अनुमती दिली आहे, हे नेमके समजून घेणे आवश्यक असते. या निर्बंधाच्या सामान्यतः पाच पायऱ्या मानतात : मुळीच भार न देणे; तोल सावरण्यापुरते पाऊल जमिनीस नुसते टेकविणे; ठरावीक अंशतः भार देणे; वेदना न होता झेपेल तितका भार देणे; आणि पूर्ण भार देणे. घोट्याचा अस्थिभंग, टाचेच्या हाडाचा अस्थिभंग, पावलाच्या लांब हाडांचे काही अस्थिभंग, टाचेच्या कंडरेची (स्नायू हाडास जोडणाऱ्या दोरीसारख्या पेशीसमूहाची) शिवण आणि पावलावरील शस्त्रक्रिया यांनंतर पहिली पायरी बहुधा काही आठवडे पाळावी लागते. घोट्याच्या अस्थिभंगात ही मुदत पुष्कळदा सहा आठवड्यांच्या आसपास असते. टाचेच्या हाडाच्या बाबतीत ती त्याहून लांबते. नडगीच्या हाडात पोलादी सळई बसविलेल्या अनेक रुग्णांस याउलट लवकरच भार देण्यास सांगतात. त्यांना हस्तमुक्त कुबडीची गरज नसते.

हस्तमुक्त कुबडीत पाऊल जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे ती केवळ पहिल्या पायरीसाठी उपयोगी आहे. अंशतः भार देण्याची मधली अवस्था तिच्यात साधता येत नाही. याउलट कुबड्यांवर चालताना हातांवरील दाब कमी करीत पायावरील भार थोडाथोडा वाढविता येतो. किती भार म्हणजे किती दाब, हे कळण्यासाठी रुग्णास घरगुती वजनकाट्यावर दुखरा पाय टेकवून काटा सांगितलेल्या आकड्यापर्यंत आणण्याचा सराव देतात. म्हणून हस्तमुक्त कुबडी घेतली तरी साध्या कुबड्यांची जोडी जवळ ठेवावीच लागते. ज्यांना एकच साधन घेणे परवडते, त्यांच्यासाठी ती जोडीच अधिक काळ उपयोगी पडते.

योग्यता व निषेध : पुढील अटी पुऱ्या होत असतील तरच या साधनाचा विचार करतात. दुखापत गुडघ्याच्या खाली असावी. गुडघा काटकोनात वेदनेशिवाय वाकावा व त्यावर टेकून भार देता यावा. दुसरा पाय निरोगी व सशक्त असावा. दुखापतीपूर्वी रुग्ण कठडा न धरता जिना चढू-उतरू शकत असावा. त्याचे वजन व उंची निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत असावी. निरोगी पायावर कोणताही आधार न घेता अर्धा मिनिट स्थिर उभे राहता येते का, ही घरी करून पाहण्याजोगी प्राथमिक चाचणी आहे. ती करताना जवळ भिंत व शेजारी दुसरे माणूस असावे. जो एवढेही करू शकत नाही, त्याने हस्तमुक्त कुबडीच्या वाटेस जाऊ नये.

गुडघ्याच्या वाटीची, अस्थिबंधांची वा मांडीच्या हाडाची दुखापत, गुडघ्याचा संधिवात, नडगीच्या वरच्या भागावरील जखम किंवा टाके, चक्कर येणे, दृष्टिमांद्य, झोप वा गुंगी आणणारी वेदनाशामके चालू असणे या अवस्थांत ती वर्ज्य समजतात. दीर्घकालीन मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना मंद झाली आहे, त्यांना गादीच्या दाबाने कातडीस झालेली इजा जाणवत नाही व जखम चिघळते. प्लास्टर गुडघ्याच्या वर गेलेले असल्यास साधन बांधताच येत नाही. वृद्धांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. त्यांची हाडे अस्थिविरलतेमुळे ठिसूळ झालेली असतात व एका पडण्याने घोट्याच्या दुखापतीत खुब्याच्या अस्थिभंगाची भर पडू शकते.

इतर साधनांशी तुलना : (अ) काखेच्या कुबड्या स्वस्त असून सर्वत्र मिळतात. त्यांची गादी काखेच्या दोन ते तीन बोटे खाली असावी, मूठ धरताना कोपर किंचित (२०° ते ३०°) वाकलेले असावे आणि भार काखेवर न देता तळहातांवर द्यावा. काखेवर रेलून चालण्याच्या सवयीमुळे तेथून हाताकडे जाणाऱ्या तंत्रिकांवर दाब येतो व मनगट लुळे पडू शकते. हा विकार बहुधा बरा होत असला, तरी त्याला काही आठवडे ते महिने लागतात. (आ) कोपरकुबडीत भार मुठीवर येतो व वरचे कडे बाहूस आधार देते. ती क्षणभर सोडली तरी हातात अडकून राहते, त्यामुळे कठडा धरणे किंवा पैसे देणे शक्य होते. (इ) चार पायांची चौकट, म्हणजे वॉकर, सर्वांत स्थिर असते. घरातील सपाट फरशीवर वृद्धांस तीच योग्य होय. जिन्यावर मात्र ती निरुपयोगी व धोक्याची ठरते. (ई) गुडघागाडीत दुखरा गुडघा चाकांच्या बैठकीवर टेकवून दुसऱ्या पायाने ढकलत जातात. लांब, गुळगुळीत मार्गिका असलेल्या कार्यालयांत ती वेगवान असते, परंतु तिला एक तरी हात गुंतवावा लागतो आणि उंबरठा, पायरी किंवा उखडलेली फरशी आली की ती अडते. (उ) चाकांची खुर्ची पडण्याचा धोका सर्वांत कमी ठेवते, पण उद्वाहक व उतार नसलेल्या इमारतीत तिचा उपयोग तळमजल्यापुरताच राहतो.

मुंबई उपनगरांतील परिस्थिती : साधनाची निवड परिसरावर कशी अवलंबून असते, हे अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या दाट वस्तीच्या उपनगरांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. येथील नोकरदार माणसाच्या दैनंदिन क्रमात घराचा जिना, रस्ता, रेल्वेचा पादचारी पूल, फलाट व गाडी हे टप्पे येतात. प्रत्येक टप्प्याची साधनाकडून असलेली अपेक्षा वेगळी असते.

घर : या उपनगरांतील जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व म्हाडाच्या वसाहतींतील तीन-चार मजली अनेक इमारतींत उद्वाहक नाही. अशा घरातील रुग्णास कुबड्या घेऊन जिना उतरणे अवघड जाते, कारण एका हातात दोन्ही कुबड्या व दुसऱ्या हाताने कठडा अशी कसरत करावी लागते. कुबड्या नेण्यास सोबत माणूस लागतो. तो नसला तर पुष्कळ रुग्ण पायऱ्यांवर बसून एकेक पायरी सरकत उतरतात. ही रीत दिसावयास अवमानास्पद वाटली तरी ती सुरक्षित आहे. हस्तमुक्त कुबडी सराव झाल्यावर अशा जिन्यावर सर्वांत उपयुक्त ठरते, कारण कठडा धरण्यास हात मोकळा असतो. चढताना निरोगी पाय आधी वर ठेवावा, उतरताना साधनाचा पाय आधी खाली टाकावा आणि कठडा कधीही सोडू नये. कठडा तुटका असेल, पायऱ्या झिजलेल्या वा असमान उंचीच्या असतील, तर मात्र हा लाभ उरत नाही. घाटकोपरच्या असल्फा भागात डोंगरउतारावर वसलेल्या वस्तीतील अरुंद व उभ्या पायवाटांवर यांपैकी कोणतेच साधन सुरक्षित नाही. तेथील रुग्णाने पहिले काही आठवडे सपाटीवरील आप्ताच्या घरी राहणे हाच खरा उपाय होय.

स्वयंपाकघरात हस्तमुक्त कुबडीचा लाभ मोठा असतो. ओटा उभ्याने काम करण्यासाठीच बांधलेला असल्यामुळे गृहिणीस तवा, पातेले, पाण्याचा हंडा हाताळता येतो. ज्या घरात मदतीस दुसरे कोणी नाही तेथे ही केवळ सोय नसून घर चालण्या-न चालण्याचा प्रश्न असतो. न्हाणीघरात मात्र हे साधन नेऊ नये. ओल्या लादीवर त्याचे रबरी टोक घसरते व पट्टे भिजल्यास कातडीस इजा होते. प्लास्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, भिंतीलगतच्या स्टुलावर बसून स्नान करणे इष्ट असते. भारतीय पद्धतीच्या शौचकुपावर उकिडवे बसणे अशा रुग्णास अशक्य असते, त्यामुळे त्यावर ठेवावयाची भोकाची खुर्ची आणावी लागते. चाळीच्या सामायिक शौचालयापर्यंत जाण्याचे अंतर, वाटेतील ओलावा व रात्रीचा उजेड यांचा विचार साधन घेण्याआधीच करणे आवश्यक असते.

रस्ता : रिक्षा मुंबई बेटावर चालत नाहीत, पण उपनगरांत त्या सर्वत्र मिळतात, ही रुग्णाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. हस्तमुक्त कुबडी घालून मात्र रिक्षात बसता येत नाही. बसल्यावर मांडी आडवी होते आणि मांडीच्या रेषेतील दांडा समोर आडवा येऊन पुढील आसनास अडतो. म्हणून ती काढून, बसून, उतरल्यावर पुन्हा बांधावी लागते. या काळात तोल सावरण्यास दुसरे साधन किंवा माणूस हवा. पदपथांवरील निसटलेले ठोकळे, गटारांची उघडी झाकणे व फेरीवाल्यांमुळे उरलेली चिंचोळी वाट या गोष्टी ताठ दांड्याच्या साधनास विशेष प्रतिकूल असतात. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत शेवाळलेले फरसबंद चौक, पाणी साचून न दिसणारे खड्डे व ओल्या संगमरवरी पायऱ्या यांवर हस्तमुक्त कुबडी घराबाहेर न वापरणेच श्रेयस्कर होय. या काळात कुबड्यांची रबरी टोकेही वारंवार तपासून, त्यांवरील खाचा झिजताच बदलावी लागतात.

रेल्वे व मेट्रो : अंधेरी व बोरिवली ही पश्चिम रेल्वेवरील, तर घाटकोपर व मुलुंड ही मध्य रेल्वेवरील स्थानके आहेत. उपनगरी गाडी स्थानकात अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर थांबते आणि तेवढ्यात उतरणाऱ्यांची व चढणाऱ्यांची झुंबड उडते. या गर्दीत हस्तमुक्त कुबडीचा एक दोष प्रकर्षाने जाणवतो. आडवी नडगी व पाऊल शरीराच्या मागे हातभर बाहेर राहतात. मागून येणाऱ्यास ते दिसत नाहीत व त्याचा धक्का नेमका दुखऱ्या भागास बसतो. कुबड्या निदान समोरच्याच्या नजरेस पडतात आणि लोक बाजूला होतात. फलाट व गाडीचा तळ यांच्या उंचीतील फरक व मधील पोकळी हाही धोका आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात या पोकळीत पडून एका विद्यार्थिनीस दोन्ही हात गमवावे लागले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नात लक्ष घातले व उपनगरी फलाटांची उंची सु. ९० सेंमी.पर्यंत वाढविण्याचे काम करण्यात आले. तरीही घोट्याविना ताठ दांड्यावर तोलून फलाटावरून गाडीत पाऊल टाकणे, हे निरोगी माणसाच्या पाऊल टाकण्यासारखे नसते. गर्दीच्या वेळच्या उपनगरी प्रवासासाठी कोणतेही हातमोकळे साधन योग्य मानता येत नाही.

मेट्रोची परिस्थिती वेगळी आहे. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा पहिला मार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. दहिसरपासून अंधेरीकडे येणारे, बोरिवलीतून जाणारे दोन मार्ग एप्रिल २०२२ व जानेवारी २०२३ अशा दोन टप्प्यांत पूर्णपणे खुले झाले. या मार्गांवरील स्थानकांत उद्वाहक असून फलाट व गाडीचा तळ जवळजवळ एका पातळीत आहेत. त्यामुळे अंधेरी, बोरिवली व घाटकोपर येथील रुग्णास गर्दीची वेळ टाळून कामावर जाणे काही अंशी शक्य झाले आहे.

कायदा व सवलती : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यामध्ये दिव्यांगत्वाची व्याख्या दीर्घकालीन व्यंगाशी जोडलेली आहे. सहा आठवड्यांपुरता पाय प्लास्टरमध्ये असलेली व्यक्ती तीत सामान्यतः बसत नाही. त्यामुळे अडचणी दिव्यांगांच्या आणि सवलती मात्र नाहीत, अशी तिची स्थिती होते. उतार, उद्वाहक, रुंद दारे, कठडे अशा ज्या सुविधा कायम दिव्यांग व्यक्तींसाठी आग्रहपूर्वक मागाव्या लागतात, त्यांची गरज आयुष्यात केव्हातरी बहुतेक सर्वांना पडते, हे अशा काही आठवड्यांत ध्यानात येते.

मापन व सराव : साधनाची उंची रुग्ण निरोगी पायात नेहमीची चप्पल वा बूट घालून उभा असताना ठरवितात. दोन्ही नितंब एका पातळीत असावेत. दांडा लांब झाल्यास कंबर तिरकी होऊन पाठ दुखू लागते, आखूड झाल्यास रुग्ण लंगडतो व पुढे झुकतो. पायताण बदलल्यास उंची पुन्हा जुळवावी लागते. पट्टे बसून बांधावेत, पण उभे राहिल्यावर पुन्हा आवळावेत. ढिले पट्टे हे पडण्याचे नित्याचे कारण आहे, तर अति आवळलेले पट्टे रक्ताभिसरणास अडथळा करतात.

पहिला सराव भौतिकी चिकित्सकाच्या देखरेखीखाली व्हावा. प्रथम भिंत किंवा ओटा धरून जागच्या जागी भार दोन्ही बाजूंस झुकविणे, नंतर आखूड पावले, मग वळणे, त्यानंतर उंबरठा आणि शेवटी जिना असा क्रम पाळतात. मागे चालण्याचा प्रयत्न करू नये. शस्त्रक्रियेनंतर लगेच, वेदना व अशक्तता असताना, सराव सुरू करू नये. प्रारंभीचे काही दिवस साध्या कुबड्या वा वॉकर यांवरच काढावेत.

वापरातील धोके : सर्वांत मोठा धोका पडण्याचा असतो. पडताना प्रतिक्षिप्त क्रियेने दुखरा पाय जमिनीवर आपटला, तर बसविलेल्या पट्ट्या व स्क्रू निसटतात, कंडरेची शिवण उसवते आणि शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात दुसऱ्या शस्त्रक्रियेचा अर्थ आणखी काही महिन्यांची मजुरी बुडणे असा होतो. हात मोकळे झाल्याच्या आनंदात रुग्ण जड वस्तू उचलतो व घाई करतो, आणि तोल बहुधा अशाच वेळी जातो.

दुसरा धोका रक्ताभिसरणाशी संबंधित आहे. पोटरीचे स्नायू निष्क्रिय असताना पायाच्या खोल नीलांमध्ये रक्त साकळून गुठळी होण्याची शक्यता मुळातच वाढलेली असते. गुडघा दुमडून भार दिल्याने त्यामागील नीलेतील प्रवाह आणखी मंदावतो, असे आढळले आहे. म्हणून साधन सलग दीर्घकाळ बांधून ठेवू नये. अधूनमधून ते काढून, पाय हृदयाच्या पातळीच्या वर उशीवर ठेवावा व बोटे हलवीत राहावीत. पोटरी दुखून सुजणे व तापणे, किंवा एकाएकी धाप लागणे व छातीत दुखणे या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. गुठळीचा तुकडा फुप्फुसात जाऊन अडकल्यास प्राणावर बेतू शकते, त्यामुळे अशा वेळी तत्काळ रुग्णालयात जाणे अत्यावश्यक असते. बोटे निळी पडणे, बधिर होणे वा प्लास्टर असह्य घट्ट वाटणे हीही तातडीची लक्षणे होत.

उपलब्धता : साध्या कुबड्या व वॉकर उपनगरांतील वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत सहज मिळतात. अनेक ठिकाणी सेवाभावी मंडळे रुग्णोपयोगी साहित्य अनामत रक्कम घेऊन अल्प भाड्याने किंवा विनामूल्य वापरावयास देतात. गरज काही आठवड्यांचीच असल्यामुळे ही प्रथा रुग्णास व समाजास सारखीच हिताची आहे. हस्तमुक्त कुबडीची किंमत मात्र कुबड्यांच्या जोडीच्या कित्येक पट असते आणि ती अशा केंद्रांत क्वचितच आढळते. वापरलेली कुबडी दुसऱ्याकडून घेताना दांड्याची भोके, खिळी, पट्ट्यांची शिवण व रबरी टोक तपासून उंची नव्याने जुळवावी. घाटकोपरचे राजावाडी व जुहू येथील कूपर या महानगरपालिकेच्या रुग्णालयांत अस्थिभंगावर उपचार होतात. तेथून घरी सोडण्यापूर्वीच घराचा मजला, जिना, शौचालयाचा प्रकार व कामाचे स्वरूप चिकित्सकास सांगितल्यास योग्य साधन सुचविणे त्यास सोपे जाते.

एकंदरीत, वय तरुण, दुखापत गुडघ्याखाली, तोल उत्तम, घरातील फरशी सपाट, जिन्यास भक्कम कठडा आणि हातांची गरज अपरिहार्य अशा परिस्थितीत हस्तमुक्त कुबडी हे उत्कृष्ट साधन आहे. यांपैकी एकही अट पुरी होत नसल्यास कोपरकुबड्या वा वॉकर अधिक सुरक्षित होत. घरात हस्तमुक्त कुबडी व बाहेर कोपरकुबड्या अशी विभागणी पुष्कळांस सोयीची पडते. क्ष-किरण चित्रात अस्थिसंधान समाधानकारक दिसून चिकित्सकाने भार देण्यास अनुमती दिली की हे साधन बाजूस ठेवावे. भार हळूहळू मिळाल्यानेच हाड बळकट होत असल्यामुळे त्यानंतरही सोयीपोटी त्याचा वापर चालू ठेवणे अपायकारक ठरते.